वाळवंटात नेण्याच्या फ्रीजचा हिशेब

ऑस्ट्रेलियात शाळांची मोठी सुट्टी डिसेंबरच्या उत्तरार्धात लागते आणि जानेवारीअखेर संपते, म्हणजे ती ऐन उन्हाळ्यात येते. मेलबर्न, सिडनी, पर्थमध्ये स्थिरावलेली मराठी कुटुंबे फोर बाय फोर गाडी घेऊन देशाच्या आतल्या भागाकडे निघतात ती बऱ्याचदा याच सुट्टीत, आणि पुष्कळदा भारतातून आलेले आईवडीलही सोबत असतात. त्या मुलखाचा उन्हाळा आपल्या नेहमीच्या कल्पनेत बसणारा नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा या गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑन्स्लोने १३ जानेवारी २०२२ रोजी त्याची बरोबरी केली. सिम्पसन वाळवंटाचा दक्षिण ऑस्ट्रेलियातला राखीव भाग तर दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च प्रवाशांसाठी बंदच असतो, कारण त्या उन्हात अडकणे जिवावर बेतू शकते. अशा प्रवासाची तयारी करताना गाडीत ठेवायच्या फ्रीजबद्दल दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती लिटरचा?’ माझे म्हणणे असे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी विचारायचे ते हे, की बाहेर ४३ अंश असताना आत ४ अंश राखायला हा फ्रीज चोवीस तासांत किती वीज घेईल, आणि तेवढी वीज माझ्या गाडीत रोज कुठून येईल. लिटरचा आकडा या उत्तरातून आपोआप निघतो, आणि तो बहुतेक वेळा आपण मनात धरला होता त्याहून लहान असतो.

विजेवर इतका भर देण्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे, आणि ते शाळेतल्या गणिताने पडताळता येते. फ्रीजच्या भिंतींतून उष्णता आत झिरपते, आणि ती किती झिरपेल हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरते. बाहेर २५ अंश आणि आत ४ असेल तर फरक २१ अंशांचा. बाहेर ४५ झाले की तोच फरक ४१ होतो. म्हणजे आत येणारी उष्णता जवळजवळ दुप्पट. पण गोष्ट इथे थांबत नाही. आत आलेली उष्णता कॉम्प्रेसरला उचलून बाहेर टाकायची असते, आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर तेवढीच उष्णता टाकायला त्याला जास्त जोर लावावा लागतो. हे दोन्ही परिणाम एकमेकांत मिळवले जात नाहीत, गुणले जातात. आतली गार नळी उणे १० अंशांवर आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी हवेपेक्षा १५ अंशांनी गरम असे धरून हिशेब केला, तर २५ अंशांतून ४५ अंशांत गेल्यावर विजेची गरज अडीच ते पावणेतीन पट होते. साधारण ४० लिटरचा चांगला कॉम्प्रेसर फ्रीज २५ अंशांत सरासरी एक अँपिअरच्या आसपास वीज घेतो, दिवसाला सुमारे २४ अँपिअर-तास. (बॅटरीवर ‘एएच’ म्हणून लिहिलेले असते तेच हे एकक.) तोच फ्रीज ४५ अंशांत ६० अँपिअर-तासांपर्यंत जातो. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीच्या आत तर ६० अंशांपर्यंत तापमान सहज चढते. तेव्हा फ्रीजला बाहेरची हवा म्हणजे तीच हवा, आणि बाहेर ४५ आहे की ४० याला फारसा अर्थ उरत नाही.

आता खोक्यावरचा आकडा पाहा. या छोट्या फ्रीजच्या माहितीपत्रकात विजेचा वापर दिलेला असलाच तर तो बहुतेक वेळा २५ अंशांच्या हवेतला असतो. आकडा खोटा नसतो, पण तो ज्या हवेतला असतो त्या हवेत हा फ्रीज कुणी नेत नाही. घरगुती फ्रीजच्या आंतरराष्ट्रीय मानकात हवामानाचे वर्ग ठरलेले आहेत आणि ‘टी’, म्हणजे उष्णकटिबंधीय, वर्गाच्या फ्रीजने ४३ अंशांपर्यंत काम केले पाहिजे अशी अपेक्षा आहे. भारतात घरचा फ्रीज घेताना आपण त्यावरचे तारे मोजतो, वर्षाला किती युनिट लागतील ते वाचतो. मग गाडीत बॅटरीवर चालणारा, जिथे प्रत्येक युनिट जपून वापरावे लागते असा फ्रीज घेताना हीच चौकशी आपण का करत नाही? उत्पादकांनी ४३ अंशांतला चोवीस तासांचा वापर वॅट-तासांत छापावा, अशी मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी. ही बाब एकट्या ऑस्ट्रेलियाची नाही. राजस्थानातल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, चंद्रपूरचा मे महिना कसा असतो ते महाराष्ट्राला सांगायला नको, आणि थार किंवा जिमनीसारखी गाडी घेऊन जैसलमेर-कच्छकडे निघणाऱ्यांची उन्हाळी सुट्टीही नेमकी एप्रिल-मेमध्येच येते. छापील आकडा मिळेपर्यंत माझा साधा नियम असा: २५ अंशांतला आकडा अडीचने गुणा आणि तोच खरा धरा.

हा नियम लावला की बाजारातल्या तीन प्रकारांपैकी दोन जवळजवळ लगेच बाद होतात. पहिला प्रकार थर्मोइलेक्ट्रिक, जाँ पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दाखवलेल्या परिणामावर चालणारा. तो स्वस्त आहे, हलका आहे, पंख्याखेरीज त्यात हलणारा भाग नाही. पण तो आतले तापमान बाहेरच्यापेक्षा साधारण २० अंशांनीच कमी करू शकतो. बाहेर ४५ असेल तर आत २५. ऑस्ट्रेलियातल्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार नाशवंत पदार्थ ५ अंशांवर किंवा त्याखाली ठेवायचे असतात आणि ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा मानला जातो. म्हणजे २५ अंशांतले दूध-मांस थंडही नाही आणि सुरक्षितही नाही. त्यातून साधी मॉडेले मध्ये थांबत नाहीत. चार अँपिअर सतत घेत राहिली तर दिवसाला ९६ अँपिअर-तास खर्च करून ती आपल्याला कोमट दही देतात. दुसरा प्रकार गॅस, घरची वीज आणि गाडीची वीज या तिन्हींवर चालणारा, म्हणजे शोषण पद्धतीचा. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये शोधलेली ही रचना बुद्धीचा सुंदर नमुना आहे: ज्योतीच्या उष्णतेवर, एकही पंप न लावता, अमोनियाचे चक्र फिरत राहते. सावलीत आठवडाभर उभ्या राहणाऱ्या कॅरॅव्हॅनमध्ये तो आजही शोभतो. पण त्याला सपाट जमीन लागते, मोकळी हवा लागते, बंद गाडीत गॅस पेटवणे जिवाशी खेळ आहे, आणि कडक उन्हात तो मागे पडतो. चालत्या गाडीच्या विजेवर लावला तर दहा अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. वाळूच्या टेकड्या चढत-उतरत जाणाऱ्या गाडीसाठी तो नाही. उरतो कॉम्प्रेसरचा फ्रीज, आणि इथून पुढे मी फक्त त्याबद्दलच बोलतो आहे.

पण फ्रीज हवाच कशाला, चांगली बर्फाची पेटी का नको? हा आक्षेप सगळ्यात जुना आहे आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे, कारण काही प्रवासांत तो बरोबर असतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता पितो. दहा किलोची पिशवी म्हणजे सुमारे ९३० वॅट-तासांचा गारवा, आणि त्यासाठी ना बॅटरी लागते ना वायर. जाड भिंतीची पेटी असेल तर तेवढ्या बर्फावर कडक उन्हातही दोनेक दिवस निघतात. शनिवार-रविवारच्या सहलीला जाणाऱ्याने फ्रीज विकतच घेऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. पण पाच दिवसांसाठी त्याच हिशेबाने २५ किलो बर्फ लागतो, तो पेटीतली तीसेक लिटर जागा खातो, आणि तिसऱ्या दिवसापासून पनीर त्याच्या पाण्यात तरंगू लागते. मधल्या रोडहाउसवर बर्फ मिळतो खरा, पण आतल्या रस्त्यांवर दोन रोडहाउसमधले अंतर शेकडो किलोमीटरचे असते, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सुमारे १८५० किलोमीटर लांबीच्या कॅनिंग स्टॉक रूटसारख्या वाटेवर तर तो मिळेलच असे धरून चालता येत नाही. याच देशाने या प्रश्नाची उत्तरे फार आधी शोधली आहेत, हेही इथे सांगावेसे वाटते. जिलाँगच्या जेम्स हॅरिसन या वृत्तपत्राच्या संपादकाने १८५० च्या दशकात ईथरवर चालणारे बर्फाचे यंत्र उभे केले. आजच्या कॉम्प्रेसर फ्रीजच्या पूर्वजांत त्याचे नाव घ्यावेच लागते. आणि १८९० च्या दशकात कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवर ओल्या गोणपाटाने वेढलेले कपाट वापरात आले: वरच्या ट्रेमधले पाणी कापडात उतरायचे, वाऱ्याने सुकायचे आणि आतले अन्न गार राहायचे. आपल्या माठाचेच हे तत्त्व. कोरड्या हवेत ते आजही कामाचे आहे. डार्विनच्या दमट उकाड्यात किंवा आपल्या कोकणात मेमध्ये मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

फ्रीजपेक्षा फ्रीजला पोसणारी व्यवस्था महत्त्वाची, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे, आणि खरेदीत सर्वात जास्त पैसा चुकतो तो इथेच. दिवसाला ५०-६० अँपिअर-तास लागणार असतील तर शंभर अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी एक दिवसही पुरत नाही, कारण ती निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८०-९० अँपिअर-तास निर्धास्त देते, म्हणजे दीड दिवस. मात्र ती बॉनेटखालच्या उष्णतेत बसवू नये. ही दुसरी बॅटरी इंजिनच्या बॅटरीपासून वेगळी असली पाहिजे, नाहीतर सकाळी गार ताक मिळेल पण गाडी सुरू होणार नाही, आणि जिथे दिवसभरात एखादीच गाडी जाते तिथे ही फजिती राहत नाही, संकट होते. गाडी चालताना भरण्यासाठी डीसी-डीसी चार्जर हवा. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज खाली आणतात, त्यामुळे नुसती वायर जोडून दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही. २५ अँपिअरचा चार्जर तीन तासांच्या प्रवासात जवळजवळ पूर्ण दिवसाची वीज परत देतो. पण एके ठिकाणी दोन दिवस मुक्काम केला की सूर्याकडे वळावे लागते. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: सोलर पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंशांतली असते आणि त्याच्या पेशी तापल्या की दर अंशामागे साधारण ०.४ टक्के उत्पादन घटते; पेशी ६५ अंशांवर गेल्या तर सोळा टक्के तिथेच गेले. १२० वॅटचे पॅनेल चांगल्या दिवशी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास देईल. म्हणजे कडक उन्हात ४० लिटरचा फ्रीज एका पॅनेलवर निभत नाही, आणि ८० लिटरचा घेतला तर दोन पॅनेलांनीही ओढाताण होते.

वायरची गोष्ट याहून क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात जास्त मनस्ताप तीच देते. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमधून पाच अँपिअर नेले तर अर्ध्या व्होल्टपेक्षा थोडे जास्तच वाटेत हरवते. निम्मी उतरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.२ व्होल्टच्या आसपास असते. फ्रीजपाशी पोहोचतात ११.६. बॅटरी वाचवण्यासाठी फ्रीजमध्ये जी कटऑफची सोय असते तिला वाटते बॅटरी संपली, आणि ती कॉम्प्रेसर बंद करते. सकाळी दूध नासलेले निघते, दोष फ्रीजला दिला जातो, आणि बॅटरीत मात्र भरपूर वीज शिल्लक असते. सहा चौरस मिलिमीटरची वायर घातली तर तूट ०.१५ व्होल्टच्याही आत राहते. घेताना एवढे पाहावे की दुकानात ‘सहा एमएम’ म्हणून मिळणाऱ्या ऑटो केबलमधले तांबे सहा चौरस मिलिमीटर नसते. तो आकडा प्लास्टिकसकट व्यासाचा असतो आणि आतले तांबे साडेचारच्या जवळपास भरते. सिगारेट लायटरचा सॉकेट तर पन्हाळीदार कच्च्या रस्त्यावरच्या खडखडाटात हमखास सैल होतो. बॅटरीजवळ फ्यूज, मधे सलग जाड वायर आणि टोकाला घट्ट बसणारा अँडरसन प्लग, एवढ्याचा खर्च फ्रीजच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि महागातला महाग फ्रीजही याशिवाय निकामी ठरतो.

चार माणसांच्या कुटुंबाला मोठा फ्रीज लागणारच, असे यावर म्हटले जाईल. याचे उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. प्रवासात थंडावा नेमका कशाला लागतो? दूध, दही, पनीर, मासे-मांस, कापलेली फळे, उरलेली भाजी आणि औषधे यांना. कांदे, बटाटे, लसूण, तांदूळ, डाळी, बेसन, थालिपिठाची भाजणी, तूप, लोणचे, पापड, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यांना फ्रीजची गरज नाही. कित्येक पिढ्यांनी वाऱ्या, यात्रा आणि लांबचे प्रवास दशम्या, गूळपापडी आणि सुक्या चटण्यांवर केले आहेत. टेट्रापॅकमधले दूध उघडेपर्यंत बाहेर राहते. या यादीतून जे खरोखर थंड हवे तेवढेच उचलले तर चौघांचे चार-पाच दिवसांचे सामान ४० लिटरमध्ये बसते. राहिला प्रश्न ताज्या भाजीचा. नलारबॉरच्या रस्त्याने पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना सीमेवरच्या तपासणी नाक्यावर ताजी फळे, भाज्या आणि मध काढून द्यावे लागतात, आणि उलट दिशेने येताना सेडूना इथे फळमाशीच्या भीतीने पुन्हा तपासणी होते. भाज्यांनी गच्च भरलेला मोठा फ्रीज घेऊन निघालेल्या कुटुंबाने आपली वीज आणि पैसा नाक्यावरच्या डब्यात टाकण्यासाठी खर्च केलेला असतो.

मोठा फ्रीज दर लिटरमागे कमी वीज घेतो, हे मात्र खरे आहे. आकारमान दुप्पट केले की भिंतींचे क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, दीड पटीहून थोडेसेच जास्त होते. पण आपल्याला दर लिटरचा हिशेब करायचा नाही, दर दिवसाचा करायचा आहे, आणि दिवसाचा वापर वाढतोच. शिवाय मोकळी जागा दिसली की आपण ती भरतो, आणि भरताना गरम वस्तू भरतो. ३५ अंशांवरचे शीतपेयांचे बारा कॅन ५ अंशांवर आणायलाच दहाएक अँपिअर-तास जातात, लहान पॅनेलचे जवळजवळ दोन तासांचे काम. म्हणून सगळे सामान घरच्या विजेवर आदल्या रात्री गार करून मगच गाडीत चढवावे आणि वाटेत भर घालायची ती थोडी-थोडी, शक्यतो पहाटे. एका कप्प्यात उणे १८ अंशांचे फ्रीझर चालवायचा मोहही इथेच येतो. ४ अंशांऐवजी उणे १८ राखायला वीज दुपटीहून जास्त लागते. वजन हाही विषय आहे. ८० लिटरचा फ्रीज रिकामाच ३० किलोच्या आसपास, भरल्यावर ७०-८० किलो, आणि ओढून बाहेर काढायची सरकती चौकट लावली तर आणखी वीसेक. सिम्पसन वाळवंटात हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या ओलांडाव्या लागतात. तिथे पाणी आणि डिझेल यांच्या वजनापुढे फ्रीजला इतका वाटा देणे मला चुकीचे वाटते. आणि गाडीच्या तळाला बोल्टने न बांधलेला भरलेला फ्रीज अचानक ब्रेक लागल्यावर मागच्या सीटवर बसलेल्यांवर येऊ शकतो, हे दुकानात कुणी सांगत नाही.

जाणकार मंडळींचा एक आक्षेप जास्त वजनदार आहे. ते म्हणतात, आतल्या वाळवंटात लोक जातात ते हिवाळ्यात, मे ते ऑगस्ट. तेव्हा दिवसा वीस-पंचवीस अंश असतात आणि रात्री थंडी वाजते, मग ४३ अंशांचा हट्ट कशाला? दक्षिणेकडच्या वाळवंटापुरते हे बरोबर आहे. पण उत्तरेकडे, किंबर्लीतल्या सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रोडवर, त्याच कोरड्या ऋतूत दुपारी ३०-३५ अंश असतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फ्रीजला हवामान खात्याचे तापमान माहीत नसते, त्याला डिक्कीतले तापमान माहीत असते. बाहेर ३० असताना बंद गाडीत ५० होते. फ्रीजच्या जाळीला हवा मिळत नसेल, तिच्यावर अंथरुणे रचलेली असतील, तर हिवाळ्यातही त्याची दमछाक होते. म्हणून ४३ अंशांत टिकणारी व्यवस्था केली तर हिवाळ्यात ती आरामात चालते. उलट्या बाजूने हे होत नाही. गाडी सावलीत लावणे, काचा थोड्या उघड्या ठेवणे, जाळीभोवती चार बोटे मोकळी जागा ठेवणे आणि फ्रीजवर जाड कव्हर घालणे, यांतून वाचणारी वीज मोठ्या बॅटरीइतकीच खरी असते आणि तिला पैसे जवळजवळ पडतच नाहीत.

ब्रँडबद्दल मी जास्त बोलणार नाही. डॅनफॉसने घडवलेला आणि आता सेकॉप या नावाने बनणारा छोटा डीसी कॉम्प्रेसर, किंवा एंजेल फ्रीजमध्ये असलेला जपानच्या सावाफुजीचा कॉम्प्रेसर, यांनी अनेक दशके खडबडीत रस्त्यांवर स्वतःला सिद्ध केले आहे. नवे स्वस्त कॉम्प्रेसरही आता पुष्कळ सुधारले आहेत. माझ्या मते, पैसे मोजकेच असतील तर मध्यम किमतीचा लहान कॉम्प्रेसर फ्रीज, चांगली बॅटरी आणि जाड वायर ही जुळणी, नावाजलेला मोठा फ्रीज आणि बारीक वायर या जुळणीपेक्षा नक्कीच सरस ठरते. भिंतीची जाडी आणि झाकणाचे रबर मात्र हाताने चाचपून पाहावे. झाकणात कागद धरून ओढला आणि तो सहज सुटला तर तो फ्रीज घेऊ नये. आणि सुट्टे भाग व दुरुस्ती ज्या शहरात आपण राहतो तिथे मिळते का, हे विचारून घ्यावे.

एका बाबतीत मात्र काटकसर करू नये. सोबत इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर हिशेब अन्नाचा उरत नाही. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, आणि ते एकदा गोठले की टाकूनच द्यावे लागते, मग वितळल्यावर कितीही स्वच्छ दिसो. लहान फ्रीजमध्ये हा धोका खरा आहे, कारण त्यातला सेन्सर एकाच जागेचे तापमान सांगतो. पडद्यावर ४ दिसत असताना भिंतीलगत आणि तळाशी उणे तापमान असू शकते. म्हणून औषध वरच्या टोपलीत, भिंतीपासून दूर, डब्यात ठेवून शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवावा, आणि फ्रीज बंद पडलाच तर हाताशी असावे म्हणून ओल्या कापडाच्या तत्त्वावर चालणारी इन्सुलिनची थैलीही सोबत घ्यावी. हे सगळे पहिल्यांदा वाळवंटात करून पाहायचे नसते. निघण्याच्या पंधरा दिवस आधी, शहरातल्याच एखाद्या तापलेल्या दिवशी, फ्रीज त्याच गाडीत, त्याच वायरवर, त्याच बॅटरीवर, नेहमीच्या सामानासह भरून चोवीस तास चालवावा. बॅटरीला लावलेल्या मीटरवर किती अँपिअर-तास गेले ते लिहून ठेवावे आणि थर्मामीटरवर रात्रीतले सर्वांत कमी आणि दुपारचे सर्वांत जास्त तापमान पाहावे. आकडा बॅटरीच्या वापरता येण्याजोग्या क्षमतेच्या दोन-तृतीयांशांहून जास्त आला, तर पॅनेल वाढवायला, वायर बदलायला किंवा फ्रीज दुकानात परत देऊन लहान घ्यायला अजून दोन आठवडे हातात असतात.